मितराँची चौदा वर्षं

बिलकिस तांबोळीने कोथरूडच्या मुलांना तीसेक वर्षं फ्रेंच शिकवलं. आधी एका ज्युनियर कॉलेजात, नंतर घरच्या हॉलमध्ये. संस्कृतला कंटाळलेली, 'फ्रेंच स्कोअरिंग असतं' असं कुणीतरी कानात सांगितलेली ही मुलं दाराबाहेर चपलांचा ढीग करायची आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसायची.

तिचे यजमान अमीनभाई. कसबा पेठेत त्यांचं शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान. संध्याकाळी दुकान बंद करून स्कूटरवर घरी यायचे तेव्हा शेवटची बॅच चालू असायची. चपलांमधून वाट काढत, अंग चोरून ते स्वयंपाकघरात शिरायचे आणि भांड्याचा आवाज होणार नाही अशा बेताने चहा टाकायचे. भिंतीपलीकडून बिलकिसचा आवाज यायचा. तासाची सुरुवात ठरलेल्या तीन प्रश्नांनी व्हायची. आज तारीख काय, हवा कशी आहे, आणि प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष कोण. "की ए ल प्रेझिदाँ द ला रेप्युब्लिक?" फ्रेंचचं अक्षर न शिकलेल्या अमीनभाईंना हे वाक्य ऐकून ऐकून चालीसकट पाठ झालं होतं.

फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांवर बिलकिसचा विशेष जीव होता. अभ्यासक्रमात पानभर मजकूर असायचा, ती दोन-दोन तास घ्यायची. पोरं कुरकुरली की म्हणायची, "पेशवे ओळीने म्हणता ना? मग ह्यांनी काय घोडं मारलंय?" तिची एक ठरलेली टिप्पणीही होती. "राजाचं डोकं उडवलं आणि प्रजासत्ताक आणलं. पुढे पहिला राष्ट्राध्यक्ष निवडून दिला, तर तो चार वर्षांत सम्राट होऊन बसला. मतदार कुठलेही असोत, हौस तीच." मग देशानेल नावाच्या राष्ट्राध्यक्षाची गोष्ट. हा गृहस्थ एका रात्री धावत्या रेल्वेच्या खिडकीतून खाली पडला आणि झोपायच्या कपड्यांतच रुळांच्या कडेने चालत फाटकवाल्याच्या घरी पोचला. 'मी राष्ट्राध्यक्ष आहे' म्हणाला तर कोण विश्वास ठेवणार? पण फाटकवाल्याची बायको नंतर सांगत होती म्हणे, की माणूस कुणीतरी मोठा आहे हे मला कळलंच होतं, त्याचे पाय स्वच्छ होते. इथे पोरं हसून लोळायची, आणि आत अमीनभाईही हसायचे, कारण ही गोष्ट ती मराठीत सांगायची.

बिलकिसचं विसरणं सुरू झालं तेव्हा क्लास बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. चष्मा, किल्ल्या, दुधाची पिशवी, इथपर्यंत अमीनभाईंनी मनावर घेतलं नाही. पण एका सकाळी तिने पोळीभाजीचा डबा भरून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "फैजला हाक मारा, शाळेची बस चुकेल." फैज त्यांचा मुलगा, बेंगळुरूला नोकरीला, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागलेला. अमीनभाई डबा हातात धरून उभेच राहिले.

डॉक्टरांनी तपासताना बरेच प्रश्न विचारले. वार कोणता, ऋतू कोणता, शंभरातून सात वजा करत चला. बिलकिस अडखळत होती, हसून वेळ मारून नेत होती. मग त्यांनी विचारलं, "आपले राष्ट्रपती कोण आहेत सध्या?"

बिलकिस खुर्चीत ताठ झाली. "मस्यो झाक शिराक."

"कोण?"

"शिराक. नीट ऐकत चला."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खरडलं. बाहेर आल्यावर त्यांनी अमीनभाईंना आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं, की हा बरा होणारा नाही. गोळ्यांनी थोडा सावकाश होईल, इतकंच. "त्यांना वर्तमानात आणत राहा. शक्यतो खरं तेच सांगा," असा सल्लाही दिला.

घरी आल्यावर अमीनभाईंच्या डोक्यात ते नाव घोळत राहिलं. त्यांनी ऋतुजाला फोन केला. ऋतुजा बिलकिसची जुनी विद्यार्थिनी, बावधनच्या शेतकऱ्याची मुलगी. वावरात इमारती उभ्या राहिल्या तेव्हा ती अकरावीत होती. आता एका कंपनीत फ्रेंच ग्राहकांची कामं बघायची आणि सणावाराला मॅडमकडे चक्कर मारायची.

"काका, शिराक बरोबर आहे की," ती म्हणाली. "म्हणजे होते ते प्रेसिडेंट. दोन हजार सातपर्यंत. मग सार्कोझी, मग ओलाँद, आता माक्राँ. मॅडम टेक्निकली चुकल्या नाहीत, त्या फक्त… मागे आहेत."

दोन हजार सातच्या आधी. तेव्हा फैज शाळेत होता आणि सकाळी बस चुकायची. अमीनभाईंना एकदम उलगडा झाला. बिलकिस कुठेतरी हरवली नव्हती. ती एका ठरावीक काळात राहत होती, आणि तिथला पत्ता विचारायची सोय होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना ते विचारू लागले, "की ए ल प्रेझिदाँ द ला रेप्युब्लिक?"

"र घशातून काढा हो. कोकलताय काय," बिलकिस म्हणायची आणि उत्तर द्यायची. सार्कोझी म्हणाली तर दिवस बरा जाणार. शिराक म्हणाली तर फैजचा फोन आल्यावर सांभाळून घ्यायचं, कारण तो जाडा पुरुषी आवाज ऐकून ती फोन परत द्यायची. "कुणी परका माणूस मला अम्मी म्हणतोय." पलीकडून फैज म्हणायचा, "अब्बा, आपण तिला एखाद्या सेंटरमध्ये ठेवूया का?" अमीनभाई बघू म्हणायचे. काय बघायचं ते त्यांना कळत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एकदा ते दुकानात असताना खालच्या मजल्यावरच्या सुहासिनीबाईंचा फोन आला. "तुमचं दार सताड उघडं आहे आणि वहिनी घरात नाहीत. तुम्हाला कळवावं म्हटलं." अमीनभाईंनी शटर अर्धवट ओढलं आणि धावले. कुठे धावायचं हा प्रश्न होता. कोथरूडच्या दिशेने निघाले, मग लाल महालापाशी थांबले. तिथेच उभं असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. मंडईतली फळवाली बोलत होती, मंदाकिनी नावाची. बिलकिस घरातल्या गाऊनवर, अनवाणी, बसमध्ये बसून कसब्यातल्या माहेरच्या वाटेने मंडईपर्यंत पोचली होती.

अमीनभाई गेले तेव्हा ती उलट्या पाटीवर बसून चिरलेलं कलिंगड खात होती. तळपाय भाजून लाल झाले होते. मंदाकिनी म्हणाली, "गावनवर बघून मला वाटलं, कोण वेडीबिडी हाय का काय. पण बोलली आन् कळलं, शिकल्याली बाई हाय. मला म्हणती, आपण माझ्याशी आदराने बोला, मी शिकवते. मग गळ्यातली पट्टी बघितली, त्यावर तुमचा नंबर." नंबराची पट्टी फैजने पाठवली होती.

अमीनभाईंना देशानेल आठवला. इतकी वर्षं त्या गोष्टीवर आपण भिंतीआड हसत होतो, पण त्या माणसाला रुळावरून चालताना भीती वाटली असेल, हे कधी मनातही आलं नाही. त्या गोष्टीचा शेवट काय, हे त्यांनी ऋतुजाला विचारलं. थोड्याच महिन्यांत प्रकृतीच्या कारणावरून त्याने राजीनामा दिला, असं ती म्हणाली.

त्यांनी दुकान भाड्याने दिलं आणि घरी बसले.

पावसाळ्यानंतर मितराँ आला.

हे नाव अमीनभाईंना चांगलंच माहीत होतं. त्यांचा निकाह झाला तेव्हा फ्रान्सात हाच मनुष्य राष्ट्राध्यक्ष होता. नवी नवरी बिलकिस कसब्याच्या दोन खोल्यांत रेडिओला कान लावून बसायची आणि "आमचे मितराँ" म्हणायची, जणू मामा असावा. त्या दिवशी सकाळी तिने मितराँचं नाव घेतलं तेव्हा अमीनभाईंना बरंच वाटलं. ती त्यांना नवरा म्हणून ओळखत होती, उलट जरा जास्तच लाडात होती. दुपारी मात्र ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"जीनतची रिक्षा आली नाही अजून."

जीनत त्यांची पहिली मुलगी. सात वर्षांची असताना मेंदूज्वराने गेली. त्यानंतर दोन वर्षांनी फैज झाला. घरात तिचा एक फोटो होता, तो कपाटात. गेली तीस-बत्तीस वर्षं दोघांपैकी कुणी तिचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. आधी जमलं नाही, आणि मग सवय झाली.

"येईल ना इतक्यात?" बिलकिस म्हणाली.

डॉक्टरांचे शब्द त्यांच्या डोक्यात होते, खरं तेच सांगा. शिवाय त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. ते तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "बिलकिस, जीनत नाहीये आता. ती गेली. खूप वर्षं झाली त्याला."

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, की काही बोलणं परत घेता येत असतं तर त्यांनी तेव्हा घेतलं असतं.

"काय बोलताय? सकाळी मी तिची वेणी घातली."

"बिलकिस…"

"सकाळी वेणी घातली हो मी!"

मग ती ओरडली. जीनत गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात ओरडली होती तशीच, तोच आवाज, तितकाच. सुहासिनीबाई धावत वर आल्या आणि दारातच थांबल्या. अमीनभाईंनी तिला धरायचा प्रयत्न केला तर तिने त्यांना ढकललं. "तुम्ही कुठे होतात? मला कुणी कसं सांगितलं नाही?" संध्याकाळपर्यंत ती जमिनीवर बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला काही आठवत नव्हतं. आरशात बघून तिने विचारलं, "माझे डोळे का सुजलेत? काही चावलं का रात्री?"

अमीनभाईंनी त्या दिवशी नमाजला बसल्यावर काय मागायचं ते सुचेना. तिला आठवू दे म्हणावं, की विसरू दे?

ऋतुजा आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. "मला फक्त एवढं कळायला हवं, की त्या-त्या दिवशी तिच्या लेखी पोरगी आहे का गेली. हा तुमचा मितराँ किती वर्षं होता?"

"चौदा, काका. दोन टर्म. सात-सात वर्षांच्या."

"चौदा वर्षं एकच माणूस! माझी मुलगी त्याच्याच काळात झाली आणि त्याच्याच काळात गेली. मी ओळखू कसं?"

ऋतुजा म्हणाली, "काका, पंतप्रधान विचारा. ते सारखे बदलत होते." तिने समजावून सांगितलं. फाबियस म्हणाल्या तर जीनत लहान आहे. शिराक म्हणाल्या तरी आहे.

"शिराक? तो तर राष्ट्राध्यक्ष ना?"

"आधी पंतप्रधान होते. विरोधी पक्षाचे. मितराँना नको असताना त्यांच्याबरोबर काम करावं लागलं." ती किंचित हसली. "क्रेसाँ म्हणाल्या, तर त्या पहिल्या बाई पंतप्रधान. तेव्हा जीनत गेलेली आहे आणि फैज पोटात."

"आणि मधे?"

"मधे रोकार. तीन वर्षं."

जीनत रोकारच्या काळात गेली होती.

मग रोज चहाबरोबर दोन प्रश्न होऊ लागले. फाबियस ऐकलं की अमीनभाई म्हणायचे, "जीनत मामाकडे गेलीये, रविवारी येईल." बिलकिसचं समाधान व्हायचं. ती जीनतच्या खोड्या सांगत बसायची, आणि अमीनभाई स्वतःची मुलगी कुण्या दुसऱ्याची असल्यासारखी ऐकायचे. दुकानातल्या रिकाम्या बॉबिन दोऱ्यात ओवून तिने माळ केली होती, हे ते पार विसरले होते. ऐकायला गोड वाटायचं, आणि मग आत जाऊन नळ सोडून उभं राहावं लागायचं.

क्रेसाँच्या दिवशी काही विचारावंच लागायचं नाही. ती पोटावर हात ठेवून बसून राहायची, जेवायची नाही.

एकदा रोकार आला. अमीनभाईंनी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. मागच्या वेळी खऱ्याने घात केला होता. दुपारी बिलकिस कपाटाशी उभी राहून जीनतचा फोटो हातात घेऊन बघत होती. ते घाईने म्हणाले, "मामाकडे गेलीये ती. रविवारी येईल."

बिलकिसने मान वळवली. तिचे डोळे कोरडे होते. "चाळिसावा दिवस झाला काल तिचा," ती हळू म्हणाली. "तुम्ही असं का बोलताय माझ्याशी?"

त्यानंतर कितीतरी वेळ ती त्यांच्याकडे भीतीने बघत होती, नवऱ्याला वेड लागलंय की काय अशी. फोटो त्यांच्या हाती लागू नये म्हणून तिने ओढणीखाली धरला. खरं बोलून झालं होतं, खोटं बोलून झालं. तिसरं काही अमीनभाईंना येत नव्हतं.

ह्या वर्षाच्या सुरुवातीपासून मितराँही मागे पडला. आता बहुतेक दिवस जिस्कारचे. जिस्कार म्हणजे निकाहच्या आधीचा काळ. बिलकिस कसब्यात वडिलांच्या घरी राहते, डेक्कनला फ्रेंचच्या वर्गाला जाते, आणि अमीन तांबोळी नावाच्या माणसाला ती ओळखत नाही. पहिल्या दिवशी तिने त्यांना पलंगापाशी पाहिलं आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. तेव्हापासून ते हॉलमध्ये दिवाणावर झोपतात, आणि सकाळी दारावर टकटक करून आत जातात. तिला अहो-जाहो करतात. दिवसा बाई येते, ती अंघोळ घालते, वेणी घालते. अमीनभाईंना तेवढा वेळ गॅलरीत थांबावं लागतं.

गेल्या महिन्यातल्या एका दुपारी बाई आली नव्हती. बिलकिस हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती, पाहुण्यासारखी, टोकावर. अमीनभाई मटार सोलत होते.

"आपलं घर का हे?" तिने विचारलं.

"हो."

"घरात बायका कुणी दिसत नाहीत."

"बायको आहे. बरं नसतं तिला."

"अरेरे." ती थोडी सैल बसली. "मुलंबाळं?"

"मुलगा आहे, बेंगळुरूला." अमीनभाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "एक मुलगी होती."

"होती?"

"सात वर्षांची होऊन गेली. ताप डोक्यात गेला." आणि मग त्यांना थांबता येईना. हॉस्पिटलात त्यांना आधी आत सोडत नव्हते ते सांगितलं. शेवटी आत सोडलं तेव्हा ती पाणी मागत होती आणि नर्सने देऊ नका म्हटलं, म्हणून त्यांनी दिलं नाही, ते सांगितलं. हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. "द्यायला हवं होतं," ते म्हणाले. "काय फरक पडणार होता?"

बिलकिस उठली आणि दिवाणाच्या कडेला येऊन बसली, मधे अंतर ठेवून. परक्या पुरुषाच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही हा विचार तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. शेवटी तिने मटारचं ताट आपल्याकडे ओढलं आणि सोलू लागली.

"तिच्या आईने कसं सोसलं असेल हो," ती म्हणाली.

"माहीत नाही. ती कधी बोलली नाही. मीही नाही बोललो."

"एकदाही नाही?"

"नाही."

"हे बरं नाही केलंत." वर्गातला तो जुना, कान धरणारा आवाज एकदम आला. "आजारी असली तरी ऐकू तर येतं ना त्यांना? मग त्यांच्याशी बोला. आजच बोला. कुठे असतात त्या?"

अमीनभाईंनी तिच्याकडे पाहिलं. बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. बिलकिस उत्तराची वाट बघत होती, आणि मग वाट बघत होती हे विसरली. मटारचे दाणे ताटात नीट एका बाजूला करून ती उठली.

"निघते मी. उशीर झाला, अब्बा वाट बघत असतील. मला सोडाल का कसब्यापर्यंत?"

तिचे अब्बा जाऊन चाळीस वर्षं झाली होती. अमीनभाईंनी तिच्या पायांपुढे चपला ठेवल्या, दाराला कुलूप लावलं, आणि ते तिला लिफ्टने खाली घेऊन गेले. सोसायटीच्या आवारात एक फेरी मारली. पार्किंगमधून, पाण्याच्या टाकीवरून, मागच्या बाजूच्या बदामापाशी. बिलकिस अंतर ठेवून चालत होती. अर्ध्या वाटेत तिचा पाय अडखळला तेव्हा मात्र तिने त्यांची बाही धरली आणि मग सोडली नाही. सुहासिनीबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी पाहिलं, आणि पुढचा कपडा झटकला.

पुन्हा वर आल्यावर तिने दारात चपला काढल्या, हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाली, "छान आहे हो घर आपलं. उजेड चांगला येतो."

"बसा ना," अमीनभाई म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.